दाढेतली चांदी आणि मी लिहिलेलं ‘नाही’

फॉर्मवर अकरावा प्रश्न होता: ‘दातांत चांदी किंवा दुसरा कुठला धातू भरलेला आहे का?’ त्यापुढे मी ‘नाही’ लिहिलं. पेन माझं, अक्षर माझं. दात माझ्या बायकोचे होते.

ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिला विचारायला मला फक्त मान वळवावी लागली असती. मी वळवली नाही. तिनं आपणहून गालावर बोट ठेवून काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिचा हात धरून मी खाली केला आणि म्हणालो, "थांब जरा, लिहू दे मला."

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको. आमच्यावर संकट आलं, असं गावात म्हणतात. आलं नव्हतं. तिला गाडीत बसवून मीच तिकडे घेऊन गेलो होतो.

मी बावन्न वर्षांचा आहे. खोडदच्या शिवारात आमची द्राक्षबाग आहे. सुनंदा, माझी बायको, अवसरी बुद्रुकची. मुलगी पूजा पुण्यात नोकरीला असते. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल शिकवायला बसलेलो नाही. पण अजून फोन येतात. "तुम्ही वहिनींचं ते शरीरातले धातू काढायचं केलं होतं ना? गुण येतो का?" असं लोक विचारतात. फोनवर अर्धंमुर्धं सांगून माझंच समाधान होत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे.

तोंडात पैसा धरल्यासारखं

श्रावणात तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. भाकरी थापताना हात झटकायची. मग पायाला. मग विसरायला लागली. दूध उतू जायचं, आणि ती शेजारी उभी असायची. जीभ लाल झाली होती. एक दिवस जेवता जेवता ताट सरकवून म्हणाली, "कशाला चवच न्हाई. तोंडात पैसा धरल्यावानी लागतंय."

पैसा म्हणजे नाणं. हे ऐकलं आणि मी ताटावरून उठून मोरीकडे गेलो.

कारण मी बागेवर वर्षानुवर्षं मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं औषध, मारत आलो आहे, आणि दुसरीही औषधं. फवारून आलो की कपडे मोरीत टाकायचो, ती धुवायची. हातमोजे तिनं कधी मागितले नाहीत, मी कधी आणले नाहीत. आमच्या धुण्याच्या दगडावर अजून निळे डाग आहेत. ते डाग मी रोज बघत होतो, पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, हिच्या अंगात धातू भिनला आणि तो मीच भिनवला.

एका साध्या डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. पण अपराधी माणसाला साधं उत्तर नको असतं. त्याला मोठं प्रायश्चित्त हवं असतं. नारायणगावच्या एका खतांच्या दुकानात भिंतीवर पत्रक लावलेलं होतं: ‘शरीरातील विषारी धातू बाहेर काढा.’ त्याचा फोटो मी मोबाइलवर काढून घेतला.

ओळखीचा शब्द

ते केंद्र पुणे-नाशिक रस्त्यावर होतं. नाव लिहीत नाही. आता तिथं दुसरंच काहीतरी आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला गोळ्या दिल्या आणि काही तासांनी लघवी तपासायला घेतली. आठवड्यानं रिपोर्ट आला. त्यावर रंगीत पट्ट्या होत्या आणि पाऱ्याची पट्टी लाल, पार टोकापर्यंत गेलेली. केंद्राचे जे मुख्य होते त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर फिरवून ठेवला आणि विचारलं, "शेती काय आहे आपली?"

"द्राक्ष."

"मग तुम्हाला चिलेट म्हणजे काय ते मी सांगायला नको."

खरंच नको होतं. द्राक्षवाल्याला तो शब्द घरचा असतो. झिंक द्यायचं तर चिलेटेड द्यायचं, म्हणजे धातूला घट्ट धरणाऱ्या रसायनात बांधलेलं, ते महाग पण मुळ्या लगेच उचलतात. साधं दिलं तर जमिनीतच अडकून बसतं. माझ्या शेडमध्ये त्या पाकिटांची थप्पी असते. त्यांनी सलाइनमध्ये घालायची बाटली दाखवली, तर तिच्यावर तीच चार अक्षरं होती, ईडीटीए, जी माझ्या झिंकच्या पाकिटावर आहेत.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परक्या गावात ओळखीचा माणूस भेटावा तसं. हे तर मी वेलीला देतोच आहे, वेलीचं काही वाईट झालेलं नाही, मग बाईचं काय होणार, असा सरळ हिशेब मी मनात केला. वेलीला ते धातू आत पोचवायला देतात आणि इथं बाहेर काढायला देणार आहेत, एवढा फरकसुद्धा माझ्या डोक्यात टोचला नाही. वेलीला किडनी नसते, हे तर फार पुढे सुचलं.

मग फॉर्म आला. त्यांनी तो वाचून दाखवताना अकराव्या प्रश्नाशी बोट थांबवलं होतं, हे मी नाकारणार नाही. "दातात चांदी असेल तर आधी सांगा. ती असताना ड्रिप सुरू करत नाही आम्ही. आधी दातवाल्याकडे जावं लागेल, मग पुढं बघू."

ज्याला आपण दाढेत चांदी भरणं म्हणतो, त्या चांदीत पारा असतो. हे त्यांनी सांगितलं, मी ऐकलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे छाटणीची टोळी यायची होती. टोळी चुकली की आठ दिवस गेले, आणि छाटणी मागं गेली की सगळा हंगाम मागं जातो. दातवाल्याकडे जायचं म्हणजे पुन्हा फेऱ्या. शिवाय माझी पक्की समजूत होती की सुनंदाचे दात चांगले आहेत. सव्वीस वर्षांत तिनं दाताची तक्रार केलेली मला आठवत नव्हती. तिनं तक्रार कशाचीच केली नव्हती, हा मुद्दा वेगळा.

आमच्याकडे बाईला डॉक्टरकडे नेलं की बोलतो नवरा. "काय होतंय?" असं डॉक्टर तिला विचारतात आणि उत्तर आम्ही देतो. भूक लागते का, झोप येते का, पाळी कधी आली, सगळं आम्हीच सांगतो. बायका खाली बघून बसतात. याला आम्ही काळजी समजतो.

मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. तिची सहीसुद्धा मीच, ‘करिता’ असं लिहून केली.

ठिबक

ड्रिप आठवड्यातून दोनदा. छताच्या हुकाला बाटली टांगलेली आणि थेंब पडतोय. आमची सगळी बाग ठिबकवर आहे, त्यामुळे थेंब पडताना बघितला की मला समाधान वाटतं. मी तिथं बसून थेंब मोजायचो. सुनंदा भिंतीकडे तोंड करून पडायची.

तिसऱ्या ड्रिपनंतर तिचे ओठ बधिर झाले. चौथ्यानंतर घरी आलो तेव्हा तिच्या हाताची बोटं आपोआप जवळ येऊन ताठ झाली, चोचीसारखी. तिला ती उघडता येईनात. मी एकेक बोट धरून सोडवलं. केंद्रात फोन केला तर म्हणाले, "विष बाहेर पडताना अंग विरोध करतंच. चांगली खूण आहे."

चांगली खूण आहे, असं मी तिला सांगितलं.

पाचव्यानंतर तिचा चेहरा सुजला. सकाळी ओट्यावर बसली होती. आमच्या ओट्यावरून बागेच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या दिसतात. त्या आवाज न करता वळतात. आपण चहा पिऊन कप खाली ठेवावा, तर तोंड दुसरीकडे झालेलं असतं. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मला आता नगं ते. बास."

"एकच राहिलंय," मी म्हणालो.

"अहो, लघवी न्हाई व्हत मला नीट."

"औषध जोरात काम करतंय. पूर्ण झालं की होईल."

तिनं माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्या नजरेनं तिनं मला कधी बघितलं नव्हतं. तिला राग आला नव्हता. अनोळखी गाडीत बसल्यावर माणूस ड्रायव्हरकडे बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. मग उठली आणि पदर खोचून गाडीत जाऊन बसली.

सहावी बाटली अर्धी झाली आणि तिला उलट्या सुरू झाल्या.

पुन्हा ‘नाही’

नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच पुण्याला चिठ्ठी लिहिली. अँब्युलन्समध्ये ती पडून होती आणि मी तिच्या पायाशी बसलो होतो. मंचर मागं गेलं. अवसरीचा फाटा आला तेव्हा तिनं डोळे उघडले, जणू रस्त्याच्या वळणावरून तिला कळलं.

पुण्याच्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. "काही औषध चालू होतं? गोळ्या, काढा, गावठी, आयुर्वेदिक, काहीही?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? लाज वाटली. त्या पोरासारख्या डॉक्टरासमोर, कडक इस्त्रीच्या शर्टात उभा असलेला मी, बागाईतदार, गावात चार लोक सल्ला विचारतात तो. कसं सांगायचं? आणि मनात एक नीच विचारही होता: कदाचित सांगावं लागणारच नाही. हे लोक मोठे आहेत, न सांगताच शोधून काढतील.

दीड दिवस ते शोधत राहिले. रक्तातलं कॅल्शियम खाली जात होतं, का ते कळत नव्हतं. किडनी बंद होत चालली होती, का ते कळत नव्हतं. सलाइन लावत होते, पट्ट्या चिकटवून हृदयाचे ठोके बघत होते. मी काचेबाहेर उभा राहून सगळं बघत होतो. मला कारण माहीत होतं. मी ते खिशात घेऊन फिरत होतो. खरोखरच खिशात, कारण केंद्राची पावती तिथंच होती.

किडनीच्या डॉक्टर एक बाई होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "डायलिसिस करावं लागेल. कशामुळं झालंय ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हा मी पावती काढली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. "ईडीटीए? कुठल्या प्रकारचं? किती वेळा? आधी किडनी तपासली होती? कॅल्शियम? हे कॅल्शियमसुद्धा ओढून काढतं, किडनीवर ताण देतं." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या बोलता बोलता चालायलाच लागल्या आणि मी त्यांच्या मागं पळत होतो. दाराशी वळून म्हणाल्या, "काल का नाही सांगितलंत?"

आणि मी, इतकं होऊनही, म्हणालो, "मॅडम, तिनंच हट्ट धरला होता. मी नको म्हणत होतो."

वाचणाऱ्यांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरच्या रुग्णाला काहीही दिलं असेल, कुणाचीही पुडी, कुठलंही पाणी, ते डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला सांगा. ते रागावतील. रागावू द्या.

भाऊबीज

त्या वर्षीची दिवाळी वॉर्डात गेली. भाऊबीजेला सुनंदाचा भाऊ दत्ता अवसरीहून आला. हातात नवी साडी आणि करंज्यांचा डबा. ती अर्धवट शुद्धीत, मानेत डायलिसिसची नळी. त्यानं साडी तिच्या पायावर पांघरली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "दाजी, हिला तिथं नेलं कुणी?"

हा माणूस वीस वर्षं मला मान देत आला आहे. मी म्हणालो, "कुणी नेलं काय, तिचाच हट्ट. मोबाइलवर बघितलं कुठंतरी. ऐकलंच नाही माझं."

दत्तानं कपाळावर हात मारला. "सुनी पयल्यापासून हेकट हाये ओ. आमचं बी कवा ऐकलं न्हाई."

त्यानं घरी जाऊन आईला तेच सांगितलं. आईनं भावकीत सांगितलं. पुढे सहा महिने सुनंदाच्या माहेरी हेच खरं होतं: सुनंदानं हट्टानं नवऱ्याला घोर लावला, बिचाऱ्यानं धावपळ करून जीव वाचवला.

पूजाला मात्र फसवता आलं नाही. मॅडमनी केंद्रातली फाइल मागवली होती, ती आणायला पूजा गेली. परत आली आणि फॉर्म माझ्यासमोर धरला.

"पप्पा, हे तुमचं अक्षर आहे."

मी फॉर्म घ्यायला हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.

"आईच्या खालच्या दोन्ही दाढांत चांदी आहे. मी लहानपणी तिला आ करायला लावून बघायचे. ‘दाखव ना गं तुझी चांदी’ म्हणायचे." "घरात सगळ्यांना माहीत होतं."

सगळ्यांना म्हणजे त्या दोघींना. लेकीला खेळता खेळता कळलेली गोष्ट मला सव्वीस वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हती. पूजा पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मामाला तिनं काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मी विचारलं नाही.

मापाचं भांडं

डायलिसिस तीनदा झालं. मग वाट बघायची. किडनी परत सुरू होईल किंवा होणार नाही, असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या. लघवीचं माप ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी तळ झाकला जाईल एवढीच, गडद. दुसऱ्या दिवशी तेवढीच. मी एका वहीत तारीख आणि मिली लिहीत होतो. माझ्या आयुष्यात कुठल्या आकड्याची मी इतकी भीती बाळगली नाही.

वॉर्डातल्या आया, शांताबाई, त्या वहीकडे बघून म्हणाल्या, "काय ओ शेतकरी, बागंला पाणी मोजता तसं मोजताय व्हय?"

"तसंच," मी म्हणालो.

"मोजा मोजा. बायकुचं काहीतरी मोजलंत म्हणायचं एकदाचं."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू. शांताबाईंनी मला जिन्याकडे नेलं, कागदी कपात चहा दिला आणि म्हणाल्या, "रडायचं हितं. तिच्यासमोर न्हाई." त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

सहाव्या दिवशी भांड्यात चारशे भरलं. मी ते भांडं दोन्ही हातांनी धरून नर्सला दाखवायला गेलो, देवाचा प्रसाद नेतात तसं.

तोवर दुसरा रिपोर्टही आला. सुनंदाच्या रक्तात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. आमच्या घरात माळ आहे, अंडं-मटण नाही, आणि ती स्वतः दूधही शेवटी उरलं तरच घ्यायची. मुंग्या, विसरणं, लाल जीभ, तोंडातला तो पैसा, हे सगळं त्यानं होऊ शकतं, असं मॅडम म्हणाल्या. काही इंजेक्शनं आणि गोळ्या, एवढंच.

"आणि तो पारा? ती लाल पट्टी?" मी विचारलं.

"औषध पाजून मग लघवी तपासली तर माझ्याही लघवीत दिसेल. तुमच्याही. ती तपासणी अशी करतच नाहीत."

"मग दाढेतल्या चांदीमुळं झालं का हे?"

त्यांनी हातातली फाइल मिटली. "किती त्याच्यामुळं, किती औषधामुळं, हे मी सांगू शकत नाही. खात्रीनं कुणी सांगेल असं मला वाटत नाही. पण मला एक सांगा, त्या केंद्रवाल्यांनीसुद्धा तो प्रश्न फॉर्मवर का ठेवला असेल? तोंडात धातू असताना हे सोडू नये, एवढं त्यांनाही कळत होतं. आणि खरं म्हणजे तुमच्या मिसेसना ते द्यायची मुळात गरजच नव्हती."

त्या दिवसानंतर किती तरी वेळा वाटलं, ‘हो’ लिहिलं असतं तर त्यांनी आम्हाला दातवाल्याकडे पाठवलं असतं. आठ-पंधरा दिवस गेले असते. त्या दिवसांत कुणी शहाणा भेटला असता. त्या चांदीमुळं ती वाचली असती, मी ते दारच लावून घेतलं.

ठावंच हाये

घरी आलो तेव्हा थंडी पडली होती. तिच्या मुंग्या हळूहळू गेल्या. चव परत आली. किडनी पूर्ण परतली नाही. मीठ मोजून, औषध वेळेवर, तीन महिन्यांनी तपासणी. मॅडम म्हणतात, सांभाळलं तर चालेल. ‘तर’ हा शब्द आता आमच्या घरात कायमचा राहायला आला आहे.

मी तिला मंचरच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. ती चांदी काढूनच टाकायची असं मी ठरवलं होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "काय त्रास होतो?" आणि माझं तोंड उघडलं. सवयीनं. मी ते मिटलं. फार वेळ गेला असं वाटलं. मग ती बोलली.

"त्रास काय न्हाई. दाढा चांगल्या हायेत. ह्यांना भ्या वाटतंय."

डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, भरलेलं मजबूत आहे, उगीच उकरू नका, उकरतानाच जास्त त्रास. किडनीच्या मॅडमनाही विचारलं, त्यांचंही तेच मत पडलं.

येताना गाडीत ती म्हणाली, "दहावीला व्हते तवा लई दुखायची दाढ. दादा सायकलवर बसवून हितंच मंचरला घिऊन आलते. म्हणले, लगीन झाल्यावर नवऱ्याला खर्च नगं." दादा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. "ऱ्हाऊ द्या ती. दादांची हाये."

मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, "सुनंदा, फॉर्मवर मी..."

"मला कशाला सांगताय?" ती समोर बघत म्हणाली. "मला ठावंच हाये."

एवढंच. पुढं मंचर ते खोडद मी तेच वाक्य ऐकत आलो. तिला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते अवसरीत होते.

धोंडे

यंदा अधिक महिना आला. अधिकात जावई आणि लेकीला धोंडे खायला बोलावतात. दोनदा मी काहीतरी कारण सांगून टाळलं. तिसऱ्यांदा दत्ताचा फोन आला, "दाजी, आई म्हणती या साली जावयाचं लई देणं लागतंय आमी."

गेलो. पाट मांडला होता, भोवती रांगोळी. भावकीतल्या बायका, दत्ता, त्याची बायको, पूजाही पुण्याहून आलेली. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे बघून एक चुलती म्हणाली, "सुने, आता तरी ऐकत जा बाई नवऱ्याचं. असा मानूस मिळाया नशीब लागतं."

"तर काय," दत्ता म्हणाला. "मोबाइल काढून घ्या ओ हिचा दाजी."

सगळे हसले. सुनंदा हसली नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. माहेरच्या उंबऱ्यात उभी राहून ती माझं खोटं ऐकत होती. सहा महिने ऐकत आली होती.

सासूबाई परात आणि तांब्या घेऊन आल्या. पंचाहत्तरीची बाई, गुडघे दुखतात, तरी खाली बसली माझे पाय धुवायला. पहिली धार पायावर पडली आणि मी पाय मागं ओढला.

"का ओ, पानी गार हाये का?" दत्तानं विचारलं.

"आई, पाय धुवू नका," मी म्हणालो. पाटावरून उठलो. "दत्ता, भाऊबीजेला मी तुला खोटं सांगितलं. सुनंदानं हट्ट धरला नव्हता. तिला तिथं मी नेलं. तिला नको होतं, ‘बास’ म्हणाली होती, तरी नेलं. दाढेत चांदी आहे का म्हणून कागदावर विचारलं होतं, मी ‘नाही’ असं लिहिलं. तिला विचारलंही नाही. हॉस्पिटलात दीड दिवस डॉक्टरांपासून लपवून ठेवलं. आणि मग सगळं तिच्या नावावर टाकलं."

सासूबाईंच्या हातात तांब्या तसाच तिरका राहिला होता, पाणी परातीत पडत होतं.

मी दाराकडे वळलो. माहेरच्या माणसांसमोर मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"सुनंदा, तू सांगत होतीस. गालावर बोट ठेवून सांगत होतीस. तुझा हात मी खाली केला. माझं चुकलं."